पळणारं दार

माझ्या हातचं दार कुरकुरत नाही. हे मी फुशारकीने सांगत नाही. म्हणजे थोडं फुशारकीनेच सांगतो, पण बेचाळीस वर्षं रंधा मारल्यावर माणसाला तेवढा हक्क असतो. आमच्या रस्त्यावरच्या निम्म्या घरांची दारं माझी आहेत. उरलेल्या निम्म्यांची कुरकुरतात.

त्यामुळे प्राथमिक शाळेच्या मोठ्या बाईंनी मला बोलावलं याचं आश्चर्य वाटलं नाही. निरोप घेऊन माझी सून आली, एवढंच जरा खटकलं. सून त्याच शाळेत मावशी आहे. घंटा देते, फरशी पुसते, पडलेल्या पोरांचे गुडघे धुते, फाटक उघडते आणि लावते. शाळा सुटली की फाटकाशी उभी राहून विसरलेल्या वस्तू उंच धरते आणि ओरडते, "हा डबा कुणाचा? हा मोजा कुणाचा?" ज्याचं त्याने घेऊन जायचं. कुणी नाहीच नेलं, तर कपाटात.

मुलगा लांबच्या ट्रकवर असतो, महिन्यातून आठ दिवस घरी. एरवी घरात मी, आमची ही आणि सून. सून काय करते, असं कुणी विचारलं की मी म्हणायचो, "शाळेत असते," आणि विषय बदलायचो. समोरच्याने तिला शिक्षिका समजलं तर समजू दे. मी खोटं बोलत नव्हतो. वाक्य फक्त लवकर संपवत होतो.

शाळेत झालं होतं असं. पहिलीतली एक मुलगी स्वच्छतागृहात अडकली. आतली कडी गंजलेली. लावताना लागली, काढताना हटून बसली. वीस मिनिटं पोर आत रडत होती आणि बाहेर तीन शिक्षिका दाराला धक्के देत होत्या. शेवटी सुनेने वरच्या फटीतून अंग चोरून आत उडी मारली आणि कडी चपलेने ठोकून काढली. दुसऱ्या दिवशी पालकांनी मोठ्या बाईंना असं फैलावर घेतलं, की त्यांनी त्याच दुपारी मला बोलावलं.

"पुन्हा एकही मूल अडकता कामा नये," त्या म्हणाल्या. "काहीही करा."

मी काहीही नाही, पुष्कळ केलं. सहाच्या सहा दारांच्या कड्या काढल्या आणि मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर, पार वर नेऊन बसवल्या. जुनी भोकं लांबी, म्हणजे लाकडाची पुट्टी, भरून अशी बुजवली की बोट फिरवूनही कळू नयेत. आणि मग माझी खासियत: प्रत्येक दाराच्या एका बिजागरीमागे कागदाएवढी पातळ पट्टी घातली. त्याने दार केसभर कलतं आणि सोडलं की आपोआप बाहेर उघडतं. हळू, आवाज न करता, एखाद्या शहाण्या नोकरासारखं. मूल आत अडकायचा प्रश्नच नाही. दार बंद राहतच नाही. हे काम मला येतं तसं इथे दुसऱ्या कुणाला येत नाही, हे मी मोठ्या बाईंना दोनदा सांगितलं.

त्यांनी सगळ्या शाळेसमोर माझं कौतुक केलं. तीनशे पोरांनी टाळ्या वाजवल्या. काचेच्या चौकटीतलं प्रशस्तिपत्र मिळालं, ते मी बैठकीच्या खोलीत घड्याळ काढून त्या खिळ्याला लावलं.

"आता वेळ बघायची तर स्वयंपाकघरात जायचं," आमची ही म्हणाली.

"वेळ काय, येते आणि जाते," मी म्हणालो. शेफारलो होतो, दुसरं काय.

दीड महिना गेला. उन्हाळा चांगलाच तापला होता. मंगळवारी संध्याकाळी सुनेने माझ्यापुढे चहा ठेवला आणि तिथेच उभी राहिली.

"बाबा, एक विचारू? शाळेतल्या त्या कड्या परत खाली घेता येतील?"

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "का? कुणी अडकलं?"

"नाही. अडकत नाही कुणी. कुणी जातच नाही."

मग तिने सांगितलं. शाळेत एक पद्धत आहे: घरी जाताना मुलांनी बाटलीत उरलेलं पाणी नळाजवळच्या बादलीत ओतायचं, आणि ते सुनेने फुलझाडांना घालायचं. पाणी वाया जायला नको, ही मोठ्या बाईंची शिकवण. इतकी वर्षं ती बादली जेमतेम अर्धी भरायची. आता रोज तीन बादल्या भरतात. फुलझाडं नुसती माजली आहेत. शाळेला सगळ्यात छान बागेचं बक्षीस मिळालं, मोठ्या बाई खूश आहेत.

"बाबा, एवढ्या उन्हात पोरं पाणी पीत नाहीत," ती म्हणाली. "मी तारीख लावून बघितली. दारं बदलली त्या आठवड्यापासून बादली भरायला लागली."

"योगायोग असेल."

"मलाही वाटलं. पण मग दीडफुटी."

दीडफुटी म्हणजे दुसरीतली एक मुलगी. उंचीवरून शाळेने नाव ठेवलेलं, आणि ती ते ऐटीत मिरवते. दर पंधरा दिवसांनी तिला ताप यायचा, लघवीला जळजळायचं. डॉक्टर म्हणाले, पोर पाणी पीत नाही आणि दाबून धरते. आई बिचारी कामाच्या ठिकाणी सुट्ट्या मागून कंटाळली होती. फाटकाशी सुनेला म्हणाली, ही शाळाच हिला मानवत नाही, महिनाअखेर नाव काढून घेते. दीडफुटी शेजारीच उभी होती. तिची घट्ट मैत्रीण त्याच वर्गात आहे. दीडफुटीने ओठ असे दाबून धरले, की सुनेला घरी येईपर्यंत तेच दिसत राहिलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सून तिच्या शेजारी पायरीवर जाऊन बसली. काही विचारलं नाही. आपली बाटली काढून पाणी प्यायली, बाटली मध्ये ठेवली आणि पोरांचा खेळ बघत बसली. तीन दिवस असंच. चौथ्या दिवशी दीडफुटी आपणहून बोलली.

"दार पळतं, मावशी. धरलं तर बसता येत नाही. बसलं तर धरता येत नाही. आणि बाहेर मुलं असतात."

एवढं सांगून सून थांबली. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"मोठ्या बाईंना सांगितलंस?"

"सांगितलं. त्या म्हणाल्या, दारातलं तुम्हाला काय कळतं? तुमच्या सासऱ्यांना विचारा. ते म्हणाले बदला, तर बदलू. नाहीतर शनिवारी आसपासच्या पाच शाळांच्या बाई येणार आहेत, दारं बघून तशीच करून घ्यायला."

पाच शाळा! माझ्या डोक्यात तेवढंच शिरलं. पाच शाळा म्हणजे तीस दारं, कदाचित चाळीस. माझ्या पट्टीच्या युक्तीचं नाव गावभर होणार, आणि ही मला सांगते, कड्या खाली घ्या!

"दारापाशी उभं राहायचं काम तुझं होतं," मी म्हणालो. "तू धरायचंस दार."

"सहा दारं आहेत, बाबा. दोन मजल्यांवर. फाटक आहे, घंटा आहे. मी एकटी आहे."

आणि मग मी ते बोललो. अजून आठवलं की जीभ चावावीशी वाटते. "बेचाळीस वर्षं मी लाकडात घालवली. आता बादल्या उचलणारी मला दारं शिकवणार!"

तिने माझी कपबशी उचलली आणि आत गेली. चहा मी प्यायलोही नव्हतो.

आमची ही तेवढ्यात खोलीत आली. चाळीस वर्षांच्या संसारात तिने मला कधी मोठ्या आवाजात काही सुनावलेलं नाही. तिला गरज पडत नाही. "रोग म्हशीला आणि औषध पखालीला," ती म्हणाली. "कडी गंजली होती, तर तिला तेल घालायचं. तुम्ही कडीच आढ्याला नेऊन टांगलीत."

"तुला यातलं कळत नाही."

"बरं," ती म्हणाली. बायकांचं 'बरं' म्हणजे काय, ते लग्न झालेल्या माणसाला सांगायला नको.

दोन दिवस घरात अबोला. सून वाढायची, विचारायची, औषध काढून ठेवायची, सगळं नेहमीसारखं. फक्त 'बाबा' म्हणायची नाही. "जेवण वाढलंय," एवढंच. मी प्रशस्तिपत्राकडे बघायचो आणि वेळ किती झाली ते कळायचं नाही.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी शाळेत गेलो. मोठ्या बाईंना म्हणालो, शनिवारच्या आधी बिजागऱ्या एकदा नजरेखालून घालतो. खरं तर मला सुनेची चूक पकडायची होती. आवारात ती झाडांना पाणी घालत होती. तिसरी बादली. तिने मला पाहिलं आणि पुढच्या वाफ्याकडे वळली.

मुलींच्या बाजूला चार दारं. शाळा रिकामी, सगळीकडे फिनेलचा वास. फरशी अशी लख्ख होती की माझ्या चपलांची लाज वाटावी. मी पहिलं दार लावून सोडलं. ते आलं. हळूच, आवाज न करता. वा! म्हटलं, काम आहे.

मग आत गेलो. दार ओढून घेतलं आणि झाकण टाकून त्या बुटक्या आसनावर बसलो. गुडघे कानापाशी आले. दार सुटलं आणि निघालं. मी हात लांब केला. माझा, साडेपाच फुटी माणसाचा हात चार बोटं कमी पडला. दार सावकाश उघडत गेलं, अगदी पूर्ण, आणि समोर अख्खा व्हरांडा. नळ, जिना, मुलांच्या वर्गाची खिडकी. मी कपड्यांनिशी बसलो होतो आणि शाळेत चिटपाखरू नव्हतं, तरी मी गुडघे जुळवून घेतले.

बसल्या बसल्या दाराच्या कडेवर नजर गेली. लाकूड वाचणं हा माझा धंदा आहे. कुठला जिना कुणी झिजवला, कुठल्या टेबलाशी कोण डावखुरा बसतो, ते मी लाकडावरून सांगतो. या दाराच्या कडेला, जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर, माझं पॉलिश गेलं होतं. दीड महिन्याचं पॉलिश! चार चार छोट्या बोटांच्या जागा, वर-खाली, एकावर एक. चारही दारांना तेच. तिसऱ्याला तर नखांचे ओरखडे होते.

आणि चौथ्या दारावर रिबीन होती. जुन्या कडीचं मी बुजवलेलं एक भोक कुणीतरी पेन्सिलीच्या टोकाने पोखरून मोकळं केलं होतं. त्यात हिरव्या रिबिनीचं टोक खुपसलं होतं आणि ते सुटू नये म्हणून कागदाचा बोळा ठासून बसवला होता. म्हणजे पाचर मारली होती. सात-आठ वर्षांच्या पोरीने, कुणी न शिकवता. बसल्या जागेवरून दार ओढून धरायला. मी रिबीन हलकेच ओढली. बोळा निसटला आणि ती माझ्या हातात आली. किती वेळा अशी निसटली असेल आणि किती वेळा पोरीने पुन्हा ठासली असेल, कुणास ठाऊक.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात. माझा तर मारुतीही झाला नव्हता. मी मुलांना कोंडवाड्यातून काढून चव्हाट्यावर बसवलं होतं, आणि वर टाळ्या घेतल्या होत्या. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. तिथेच थोडा वेळ बसून राहिलो, कारण उठल्यावर कुणाला तरी तोंड दाखवावं लागणार होतं.

घरी आलो तेव्हा सून भाजी निवडत होती. मी रिबीन तिच्यासमोर टेबलावर ठेवली.

तिने बघितली. "दीडफुटीची आहे. दोन आठवडे ती एकच वेणी बांधून येते."

"चुकलं माझं," मी म्हणालो. "दाराचं चुकलं, आणि परवा बोललो तेही चुकलं. त्यातलं दुसरं जास्त."

ती भाजीकडेच बघत होती. "शनिवारी बाईंसमोर सांगाल?"

"सगळ्यांसमोर सांगेन."

"मग ठीक आहे, बाबा," ती म्हणाली. बाबा! आत आमच्या हिने मुद्दाम भांडं वाजवलं.

मी कागद-पेन्सिल घेतली. मूल आतून लावू शकेल आणि अडकलंच तर बाहेरून कुणालाही उघडता येईल, अशी कडी हवी होती. लोखंड गंजतं, म्हणजे लाकडी खिट्टी. खाचेत पडणारी, एका बोटाने उचलणारी. आणि दाराला एक बारीक फट, तिच्यातून फूटपट्टी सरकवली की खिट्टी वर उचलली जाईल. फूटपट्टी शाळेत कुठल्या शिक्षिकेकडे नसते?

"फटीतून पोरं डोकावतील," सून म्हणाली.

मी पेन्सिल थांबवली. "आतून चामड्याची झडप लावतो. फूटपट्टी ढकलली तरच हलेल."

"आणि बाहेर कळायला हवं, आत कुणी आहे ते. नाहीतर दारं ठोठावत बसतात."

"खिट्टीला लाल रंगाची चकती जोडू. लागली की बाहेर दिसेल." मला आता स्फुरण चढलं होतं. "उंची किती ठेवू? अंदाजे तीन फूट?"

ती उठली आणि आपल्या पिशवीतून सुतळीचा गुंडा घेऊन आली. सुतळीला गाठी होत्या. "अंदाजे नको. मी मोजून ठेवलंय. पहिली आणि दुसरीच्या सगळ्या मुलांना स्वच्छतागृहातल्या आसनाएवढ्या स्टुलावर बसवून, हात वर करायला सांगितला. खेळ आहे म्हटलं. ही सगळ्यात वरची गाठ त्या उंच पोराची, जिराफ म्हणतात त्याला. आणि ही सगळ्यात खालची, दीडफुटीची. हिचा हात पोचला की सगळ्यांचा पोचला."

मी ती सुतळी हातात धरून बघत राहिलो. बेचाळीस वर्षांत मी हजार दारं केली असतील. चौकट मोजली, भिंत मोजली, लाकूड मोजलं. दार वापरणाऱ्याचा हात मी एकदाही मोजला नव्हता.

"हे कधी मोजलंस?"

"मागच्या सोमवारी. तुम्हाला विचारायच्या आधी." मग जरा हसली. "तुम्ही हो म्हणाल, असं धरून चालले होते."

शुक्रवारी दिवसभर मी एका जुन्या फळीवर नमुना केला. सून शाळेतून आली आणि तिने तो तीन वेळा नापास केला. एकदा खिट्टी जड, एकदा कड बोचते, एकदा झडप अडकते. चौथ्यांदा काही बोलली नाही, तेव्हा मला पदवी मिळाल्यासारखं वाटलं.

शनिवारी पाचही शाळांच्या बाई आल्या. व्हरांड्यात गोल करून उभ्या राहिल्या. मोठ्या बाईंनी माझी ओळख करून दिली: अनुभवी, कल्पक, वगैरे. सून मागे भिंतीशी उभी होती, हातात फडकं.

"आता यांच्याच तोंडून ऐकू या, ही दारं कशी केली," मोठ्या बाई म्हणाल्या.

"ही दारं चुकीची आहेत," मी म्हणालो.

मोठ्या बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला.

"चूक माझी आहे. बाईंनी सांगितलं मूल अडकू नये, मी तेवढंच बघितलं. पण चूक पकडली कुणी, ते ऐकण्यासारखं आहे." मी मागे वळून बोट केलं. "ही माझी सून. या शाळेत मावशी आहे. आता ती सांगेल."

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण केलं होतं.

ती पुढे आली. मग तिने नळाजवळची बादली ओढून मधोमध ठेवली. काल सुटताना भरलेल्या तीनपैकी एक तिने झाडांना न घालता ठेवून दिली होती. "हे मुलांनी न प्यायलेलं पाणी आहे," ती म्हणाली. "एका दिवसाचं, आणि तेही तिसरा हिस्सा." आणि मग काही शिल्लक ठेवलं नाही. तारीख, बाटल्या, ताप, बाहेरची मुलं. आवाज चढवला नाही, कुणाला दोष दिला नाही. शेवटी म्हणाली, "माझ्यावर विश्वास ठेवू नका. कुणीतरी आत बसून बघा."

मग मोठ्या बाईंनी पर्स काखेत मारली आणि स्वतः आत गेल्या. दार ओढून घेतलं. आपण श्वास घेऊन सोडावा, तेवढ्या वेळात दार आपोआप सावकाश उघडलं. आणि पाच शाळांच्या पाच बाईंसमोर आमच्या मोठ्या बाई, ज्यांच्या पावलांच्या आवाजाने वर्ग गप्प होतात, त्या बुटक्या आसनावर गुडघे उंच करून, पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेल्या. एक बाई फिस्सकन हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

मोठ्या बाई हसल्या नाहीत. तिथूनच त्यांनी विचारलं, "किती दिवस झाले?"

"शाळेचे अडतीस, बाई," सून म्हणाली.

त्यांनी पर्स पुन्हा काखेत मारली. मला कळत होतं त्यांना काय होतंय. गुरुवारी मी त्याच आसनावर होतो. उठून बाहेर आल्या आणि सुनेला म्हणाल्या, "तुम्ही मला सांगायला आला होतात. मी ऐकायला हवं होतं." सगळ्यांसमोर म्हणाल्या. बाई मोठ्या का आहेत, ते मला तेव्हा कळलं.

मग मी फळी काढली. खिट्टी लावली, लाल चकती दाखवली. मोठ्या बाईंनी आपल्या टेबलावरची फूटपट्टी मागवली, फटीत सरकवली आणि एका झटक्यात खिट्टी उघडली. पुन्हा लावली, पुन्हा उघडली. पाचही बाईंनी करून बघितलं. पोरींसारख्या रांगेत उभ्या राहिल्या होत्या. एकीने विचारलं, "उंची किती ठेवायची?"

"ते यांना विचारा," मी म्हणालो. "माप त्यांच्याकडे आहे."

आणि सुनेने पिशवीतून सुतळी काढली. पाच बाई वह्या उघडून तिच्याभोवती उभ्या राहिल्या. कुठल्या वर्गाची गाठ कुठली, स्टूल किती उंचीचं, मुलांना काय सांगून बसवायचं, ती सांगत होती आणि त्या लिहून घेत होत्या. मी बाजूला उभा राहून बघत होतो. मला तीनशे पोरांच्या टाळ्या मिळाल्या होत्या, पण माझी छाती तेव्हा एवढी भरून आली नव्हती. खोटं कशाला बोलू, डोळेही भरले. फिनेलच्या वासाने, असं मी नंतर आमच्या हिला सांगितलं.

"बरं," ती म्हणाली.

रविवारी सहाही दारं नवी झाली. बिजागरीमागच्या पट्ट्या मी स्वतःच्या हाताने काढल्या. घरी येऊन प्रशस्तिपत्र उतरवलं आणि घड्याळ परत त्या खिळ्यावर टांगलं. दीडफुटीच्या आईला सुनेने फाटकावरूनच आत नेऊन दार दाखवलं. ती म्हणाली, महिनाभर बघते.

महिना होऊन गेल्यावर एका दुपारी मी शाळेच्या फाटकाशी गेलो. काम काही नव्हतं. एका बाकाचा पाय हलतो, असं सून म्हणाली होती. तेवढं निमित्त पुरलं. शाळा सुटत होती. सून फाटकात उभी राहून एका हाताने मुलं सोडत होती, दुसऱ्या हातात उंच धरलेला डबा. "हा कुणाचा? निळं झाकण, कुणाचं?" नळाजवळ बादली होती, तळाला जेमतेम वीतभर पाणी. फुलझाडं जरा मलूल दिसत होती. मोठ्या बाईंनी त्यांच्यासाठी आता वेगळा पाइप आणलाय, म्हणे.

तेवढ्यात दोन वेण्यांची एक चिमुरडी आली. दोन्ही वेण्यांना हिरव्या रिबिनी. तिने बाटली बादलीवर उलटी धरली, हलवली, तळाला दोन थापट्या मारल्या. एक थेंब पडला.

"शाब्बास!" माझ्या तोंडून निघून गेलं.

तिने माझ्याकडे वरून खाली बघितलं आणि दोन पावलं मागे सरकली. "अनोळखी माणसांशी बोलायचं नाही."

"बरोबर आहे तुझं. पण मी अनोळखी नाही. ती नवी दारं आहेत ना आतली, ती मी केलीत."

"नाही," ती ठामपणे म्हणाली. "दारं मावशींनी केली."

बेचाळीस वर्षांत माझ्या कामाचं श्रेय दुसऱ्याने घेतलं तर मी भांडलो आहे, एकदा तर हातघाईवर आलो आहे. त्या दिवशी मी मान डोलावली. "हो. मावशींनीच केली. मी त्यांचा सासरा."

तिचा विश्वास बसलेला दिसला नाही. माझ्यावरची नजर न काढता ती फाटकाच्या दिशेने मोठ्याने ओरडली, "मावशी! हे तुमचे आहेत का?"

सगळी पोरं वळून बघायला लागली. पालक बघायला लागले. सुनेने डबा खाली केला, माझ्याकडे बघितलं, आणि सगळ्या फाटकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हो. आमचेच आहेत."

"मग घेऊन जा," दीडफुटी म्हणाली. "नाहीतर कपाटात ठेवावे लागतील."